पावसाळ्याची जागा

आमचा घरमालक लाकडाला जीभ लावून बघायचा. मी खोली बघायला गेले तेव्हा हा माणूस अंगणात उकिडवा बसून, सागवानाच्या फळीला जीभ टेकवून, डोळे मिटून होता. मला वाटलं, हा कामातून गेलेला दिसतो. मी नर्स आहे, असल्या माणसांची सवय आहे, तरी जरा मागे सरकले. तो उठला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "ओली आहे अजून. तुम्ही कोन?"

"सरकारी दवाखान्यात नवीन आली मी. खोली पाह्यजे."

"खोली भेटते, शिस्टर. पन भिंतीले खिळा मारायचा नाई. लाकडाले तर मुळीच नाई."

मी म्हटलं, मग साड्या कुठं टांगू, तुमच्या डोक्यावर? तो हसला नाही. हसणं त्याच्या खात्यातच नव्हतं. पण संध्याकाळी खोलीत एक लाकडी खुंटी बसवलेली होती, भिंतीत अशी रुतलेली की जणू भिंतीतूनच उगवली आहे. तेवढं एक काम त्यानं वेळेवर केलं. त्यानंतर मी त्या घरात राहिले तोवर, एक अपवाद सोडला तर, वेळेच्या नावानं बोंब.

बाभुळगावात त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. नाव कोणी घेत नव्हतं, मीही घेत नाही. धंद्यानं सुतार. हात सोन्याचा, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करायचे, आणि वैरी पुष्कळ होते, कारण ज्यानं ज्यानं त्याला काम दिलं तो तो वैरी झाला. लग्नासाठी सांगितलेला पलंग पोहोचला तेव्हा नवरीच्या कडेवर पोरगं होतं. त्या पोरासाठी पाळणा सांगितला, तो आला तेव्हा पोरगं दप्तर घेऊन शाळेत चाललेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, त्यात ओढायला गल्लीतल्या पोरांना लाकडी नंदी हवे असतात, तेही मिस्त्रीकडेच सांगायचे. पोरं चिडवायची, "मिस्त्रीचा नंदी गनपतीच्या आरतीले येते!" तो रंधा थांबवून शांतपणे म्हणायचा, "येते ना? मंग झालं तर."

उशीर का, असं विचारलं की उत्तर एकच. "वाळू दे."

लाकूड वाळू दे. सरस वाळू दे. पॉलिश वाळू दे. पुढं पुढं त्याला ते दोन शब्द कुठंही पुरायला लागले होते. शेजारच्या दोघा भावांचं बांधावरून वाजलं, त्यांनी याला मध्ये बसवलं. याने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता दोघंबी ओले आहा. वाळू द्या. ओल्यात जोड बसत नसते." आणि उठून आला. भाऊ तसेच भांडत राहिले. मी म्हटलं, काय मिस्त्री, हा काय निवाडा झाला? तर म्हणे, "निवाडा कायचा? लाकडाचं सांगतलं मी."

माझं आणि त्याचं पहिलं मोठं भांडण न्हाणीच्या दारावरून झालं. सुताराचं घर, आणि न्हाणीला दार नाही! पोत्याचा पडदा. वारा आला की पडदा वर. मी बाई माणूस, ड्यूटीला जायची घाई, एका हातानं तांब्या आणि एका हातानं पोतं धरून अंघोळ करायची. रोज शिव्या घालायची. तो अंगणातून ओरडायचा, "शिस्टर, तुमच्या दाराचं लाकूड वाळून राह्यलं!"

"मीच वाळून जाईन त्याच्याआधी!"

शेवटी भर उन्हाळ्यात दार बसलं. दार कसलं, देवळाला शोभलं असतं. पण कडेला बोटभर फट. बाहेरचा उजेड आत येत होता. माझं डोकं फिरलं. एवढे महिने घालवले आणि फट ठेवली?

तो दारावर हात फिरवत म्हणाला, "फट नाई ते. पावसाळ्याची जागा होये."

"काय?"

"लाकूड झाडातून निंगालं तरी झाडच राह्यते. पानी दिसलं का पिते. पिलं का फुगते. आज तुमच्या मनासारखं घट्ट बसवलं, तर श्रावनात तुम्ही आतमंधी अन् मी बाहेर. कुऱ्हाड आना लागन." मग म्हणाला, "पावसाळ्याची जागा सोडा लागते. ज्यानं नाई सोडली त्याचं दार कोनाले उघडत नाई."

आणि खरंच, श्रावणात ती फट बुजली. दार अलगद लागायचं, अलगद उघडायचं. मी तोंडावर कबूल केलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

त्याच्या खोलीत बायकोचा फोटो होता. चौकट त्याच्याच हातची, बारीक वेलीची. त्याची लेक नंदा उमरखेडला दिलेली, नवऱ्याचं किराणा दुकान. पण मी राहायला आल्यापासून ती कधी आली नाही, ना दिवाळीला, ना राखीला. मी एकदा सहज विचारलं, तर तो रंधा मारत राहिला, भुगा उडत राहिला, आणि मला कळलं की ऐकू आलं नसण्याचं सोंग आहे. त्याला तसं खरंच कमी ऐकू यायचं, आरा मशीनवर उमर गेली होती. पण हे ऐकू आलं होतं.

पुढं गोष्ट मला नंदानेच सांगितली. त्याला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तिला माझा नंबर कोणीतरी दिला होता. पहिल्यांदा बोलली तीच तुटक.

"बाबा बरे आहेत न?"

"बरे आहेत. देऊ का?"

"नोको."

मग हळूहळू बोलायला लागली. तिची आई गेली तो दिवस. सकाळपासून छातीत कळ मारत होती. हा कोणाची तरी दारं पॉलिश करून राहिला होता. आई म्हणाली, अवो, यवतमाळले नेता का? हा म्हणाला, नेतो, एवढा हात होऊ दे, थोडसं वाळू दे. आई पायरीवर बसून राहिली. पॉलिश वाळलं तेव्हा आई नव्हती.

"शिस्टर, लोकं म्हनतेत बाप होये तुहा, सोडून दे. कसं सोडू? ते दारं अजून आहेत त्या लोकाइच्या घरी. चमकतेत."

मी नर्स आहे, छातीच्या कळेत किती वेळ हातात असतो ते मला माहीत आहे.

तर अशी ती अढी. आणि ती हलवली नातीनं. नंदाची पोरगी, गुड्डी, पहिलीतून दुसरीत चाललेली. शाळेत कोणीतरी आजोबांनी आणलेलं काहीबाही दाखवलं असेल. हिनं आईचं डोकं खाल्लं की माझे आबा तर सुतार आहेत, मला त्यांच्या हातचं पाहिजे. एका दुपारी फोन आला. मी स्पीकर लावून मिस्त्रीच्या कानाशी धरला.

"आबा, मले लाकडाचा कंपास पाह्यजे! तुमच्या हातचा!"

म्हातारा एवढासा आवाज ऐकून थिजला. हातातली पटाशी खाली ठेवली. "देतो ना माय. देतो."

मग मागून नंदा बोलली. मला वाटतं, त्या बापलेकींचं इतक्या वर्षांतलं ते पहिलं बोलणं. "बाबा, पोरीले आस लावू नका. शाळा उघडन त्या दिवशी तिच्या हातात पडला, तर पोळ्याले घेऊन येईन तिले घरी. नाई पडला, तर मी समजून जाईन का तुम्ही तेच आहा. मंग पुन्हा फोन नाई करनार."

फोन बंद झाला. तो माझ्याकडे पाहत बसला. म्हणाला, "पोळ्याले येईन म्हनली."

"वेळेवर दिलं तर म्हनली."

"ऐकलं मी."

आपल्याकडे विदर्भात शाळा उशिरा उघडतात, ऊन उतरल्यावर. उन्हाळा सगळा हातात होता. मी म्हटलं, चला, आता काही काळजी नाही. दवाखान्यात उन्हाळी लागलेल्यांची रीघ होती, माझं घराकडे लक्ष नव्हतं. एक दिवस त्यानं मला हाक मारली, "शिस्टर, पाहून घ्या."

बघते तर काय! वर्गात फळ्यावर वर्तुळ काढतात तो हातभर लांबीचा परकार. दोन पाय, टोकाला खडू धरायची खाच, वरची बिजागरीसुद्धा लाकडाचीच, कुठं खिळा नाही. उघडमीट अशी लोण्यासारखी.

"हे काय मिस्त्री?"

"कंपास. गोल काढाचा."

मला हसू आवरेना. "अवो बापा! आजकालची पोरं पेन्सिलीच्या डब्ब्याले कंपास म्हनते! पेन्सिल, खोडरबर ठेवायचा डब्बा! दुसरीतली पोरगी गोल कायचे काढन?"

मी हसले आणि मग त्याचं तोंड पाहून थांबले. तो परकार उघडत, मिटत राहिला. "आमच्या वक्ती पाटी अन् पाटीची लेखन पिशवीत राह्यचे," एवढंच म्हणाला. त्या परकारात त्याचा निम्म्याच्या वर उन्हाळा गेला होता.

त्यानंतर मी त्याला असं काम करताना पाहिलं की मलाच भीती वाटायला लागली. जेवायला उठेना. कुठल्याशा कोपऱ्यातून एक फळी काढली, कितीतरी वर्षं वाळवलेली. जीभ लावली आणि खूश झाला. "हाडावानी कोरडी आहे. याचं पानी पिऊन झालं आता." पातळ पातळ पट्ट्या काढल्या. कोपरे एकमेकांत असे अडकवले जसे दोन हात बोटांत बोटं घालतात. आत पेन्सिलीसाठी लांब खण, खोडरबरासाठी लहान खण. झाकण सरकतं, दोन्ही बाजूंना खाचेत धावणारं. वर कपाशीचं एक बोंड कोरलं, उमललेलं. मी म्हटलं, फूल कोरायचं ना लेकरासाठी. तर म्हणे, "फुलं सबन कोरते. बोंड कोन कोरते?"

मध्येच गुड्डीचा फोन. "आबा, लूज नोको करजा हो! माह्या जुन्या डब्ब्याचं झाकन दप्तरात निंगते. पेन्सिली सांडते अन् बाई रागावते."

"नाई करत माय. अजिबात नाई."

झाकण त्यानं इतकं बेताचं बसवलं की ढकललं तर हवा दबल्याचा आवाज यायचा. फुस्स. त्याला तो आवाज फार आवडला. पुन्हापुन्हा ढकलून मला ऐकवायचा. मी मात्र न्हाणीच्या दारावरून शिकलेली. म्हटलं, "मिस्त्री, पावसाळ्याची जागा कोठी आहे?"

तो थांबला. मला आठवतं, झाकणावरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "जागा सोडली का झाकन खुळखुळते. लेकराले घट्ट पाह्यजे. अन् हे लाकूड नाई पीत पानी. मी सांगतो ना."

आयुष्यभर जो नेम त्यानं कोणासाठी मोडला नाही तो नातीसाठी मोडला. मी पुढं काही बोलले नाही. लाकडातलं मला काय कळतं?

शाळा उघडायच्या दिवशी पहाटेची एसटी धरून तो यवतमाळला, तिथून आर्णीवरून उमरखेडला गेला. धुतलेलं धोतर, डब्बा उपरण्यात गुंडाळून पोटाशी. परत आला तो मला बसस्टँडवरून घराकडे येताना दिसला, आणि मी ओळखलंच नाही, कारण माणूस हसत होता. समोरचे दात नव्हते हे मला तेव्हा कळलं.

"घंटी व्हायच्या आंधी पोचलो, शिस्टर! पोरगी गेटात होती. दिला हातात."

"अन् नंदा?"

"चहा केला तिनं." मग बराच वेळ तो त्या चहाबद्दलच बोलत होता. साखर जास्त टाकली, तिच्या आईसारखीच. कपाला बशी दिली. आणि जाताना नंदा म्हणाली, "वेळेवर आले, बाबा." हे त्यानं मला त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि भेटेल त्याला सांगितलं. गल्लीतली पोरं म्हणाली, मिस्त्री येडा झाला.

मग पाऊस लागला. नुसता कोसळला. कपडे वाळेनात, माचीस पेटेना, न्हाणीचं दार आपल्या जागी घट्ट झालं. आणि नंदाचा फोन आला, माझ्यासाठी.

"शिस्टर, डब्बा फुगला. झाकन हालत नाई. पेन्सिली आतमंधीच राहून गेल्या. गुड्डी रडून राह्यली."

"मंग?"

"पावसाळ्याची जागा नाई ठेवली बाबानं. कधी नाई ते." मग म्हणाली, "त्याइले सांगू नका. कायले सांगाचं? एवढं मोठं एक काम वेळेवर केलं त्याइनं. गुड्डीले मी नव्या पेन्सिली घेऊन देल्या. पोळ्याले आलो का तेच उघडून देतील."

मी सांगितलं नाही. तो रोज विचारायचा, पोरगी डब्बा वापरते ना? मी म्हणायची, हो मिस्त्री, रोज नेते. त्यात खोटं नव्हतं. गुड्डी तो बंद डब्बा रोज दप्तरात घालून नेत होती, नंदानंच सांगितलं.

आणि म्हातारा पोळ्याच्या मागे लागला. नातीला तान्ह्या पोळ्यासाठी नंदी. यंदा गल्लीतल्या कोणाचं काम घेतलं नाही. वशिंड केलं, मोडलं, पुन्हा केलं. पायाला चाकं लावली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना आमंत्रण देतात. त्या संध्याकाळी मी फोन धरला तर हा लेकीला म्हणतो कसा, "आज आवतन घे माय, उद्या जेवाले ये!"

पलीकडे नंदा हसली. मी ऐकलं. "बैल होये का मी, बाबा?"

"मंग? मायसारखीच अडेल आहे."

सकाळी मी ड्यूटीला निघाले तेव्हा तो ओसरीत नंदीला पॉलिशचा शेवटचा हात मारत होता. मी पायरी उतरले आणि पुन्हा वळले. हवेत गारवा होता आणि त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. डावा हात मांडीवर टाकलेला.

"मिस्त्री, छातीत दुखते?"

"गॅस होये."

मी नाडी धरली. गॅस कसला! "चला. आत्ताच. उठा."

"थांबा, शिस्टर. हे ओलं आहे. लेकरू आल्याबरोबर हात लावन अन् चिकटन. थोडसं वाळू दे, मंग येतो."

मी ओरडले. त्याला काय काय बोलले ते मला लिहवत नाही. त्याच्या बायकोचं नावसुद्धा काढलं. त्यानं एकदा उघड्या दारातून आत फोटोकडे पाहिलं, आणि ब्रश खाली ठेवला नाही. मी अँब्युलन्सच्या गाडीला फोन केला, दवाखान्यात फोन केला, गाडी येईपर्यंत ऑटो मिळतो का बघायला गल्लीच्या तोंडाशी धावले. पोळ्याचा दिवस. सगळे आपापल्या बैलांपाशी. ऑटो घेऊन आले तेव्हा तो भिंतीला टेकून होता आणि ब्रश हातात होता. मी छाती दाबली, दाबत राहिले. ऑटोवाल्यानं मला उठवलं. नंदी वर्तमानपत्रावर उभा होता, ओलाच.

मला अजून राग येतो. त्याच्यावर येतो. शिकलाच नाही. एवढं होऊन शिकला नाही.

दुपारच्या एसटीनं नंदा आली, आवतणाला. हातात गुड्डीचा हात, गुड्डीच्या पाठीवर दप्तर. अंगणात माणसं दिसली तशी ती फाटकातच थांबली. मग तिनं मला शोधलं.

"काय म्हनत होते?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिच्यापुढे जीभ वळली नाही. "नंदीचं पॉलिश वाळू दे म्हनले."

ती पायरीवर बसली, जिथं तिची आई बसली होती तिथंच असेल. रडली नाही. संध्याकाळी त्याला स्मशानात नेलं, रात्र झाली, उजाडलं, तरी ती तिथंच होती. मी चहा दिला, तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतून पोरं नंदी ओढत चालली होती, आमच्या घरासमोर आली की आवाज बारीक करत होती. गुड्डी ओसरीत एकटी बसली होती. तिनं दप्तरातून डब्बा काढला, झाकण ढकलून पाहिलं, आणि माझ्याकडे आली. "मावशी, हे आबा उघडून देनार होते."

शेजारचे काका बसले होते, त्यांना पोरीची दया आली. त्यांनी घरून पेचकस मागवला. "आन बेटा. आत्ता उघडतो. जरासा टवका निंघन, दुसरं काय?" पेचकसाचं टोक त्यांनी झाकणाच्या कडेला लावलं, बोंडाच्या देठाशी.

"ठेवा तो."

नंदा बोलली होती. उठून आली. काकांच्या हातातून डब्बा घेतला.

"अवो ताई, लेकराच्या पेन्सिली..."

"हात लावू नका त्याले."

गुड्डी तिच्या पदराला लोंबकळली. "आई, मंग कवा उघडन?"

नंदानं डब्ब्यावरून अंगठा फिरवला. मग तोंडाशी नेला आणि झाकणाला जीभ टेकवली, डोळे मिटून. डोळ्यांतून तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं.

"ओला आहे अजून," ती पोरीला म्हणाली. "वाळू दे."